कॅमोफ्लाजचं खानदान

खांद्यावर सिलेंडर घेतलेल्या माणसाला त्याच्या पँटचा इतिहास सांगू नये, एवढं कोणालाही कळतं. आमच्या शेजारच्या रामटेके काकांना कळत नाही.

मी ऑफिसला निघालो होतो. गॅसवाला काकांच्या फाटकात उभा होता. अंगात बनियन आणि खाली ती हिरव्या-तपकिरी डागांची फौजी छापाची पँट, जी हल्ली रायपुरात निम्म्या लोकांच्या अंगावर दिसते. काका फाटक उघडायचं सोडून त्या पँटकडे बोट दाखवत होते.

"ये जो डिझाइन है ना, इसको क्या बोलते हैं?"

"आर्मीवाला," गॅसवाला म्हणाला.

"कॅमोफ्लाज! और इसका खानदान मालूम है?"

"कका, पहिली सिलेंडर ला रख दँव का?"

"एकदम सही! फ्रेंच!" काका खूष होऊन म्हणाले.

गॅसवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फाटक उघडून दिलं आणि स्कूटर सुरू केली. कोपऱ्यावर वळताना मागे पाहिलं, तर सिलेंडर जमिनीवर आणि गॅसवाला त्या सिलेंडरवर बसलेला. काका पॅरिसपर्यंत पोचले असावेत.

प्रल्हाद रामटेके हे काकांचं पूर्ण नाव. शंकर नगरच्या मागच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही छातीइतकीच उंच. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून ते रिटायर झाले. कोणती गाडी कुठे थांबवायची, कोणती पुढे सोडायची, हे लाइनीवरच्या स्टेशनांना टेलिफोनवर सांगायचं, अशी त्यांची नोकरी. कानाला सतत हेडफोन. रात्रपाळीत गाड्या आपापल्या वाटेला लागल्या की वेळ उरायचा. तेव्हा एका बदली होऊन जाणाऱ्या साहेबानं आपली जाडजूड इंग्रजी डिक्शनरी काकांच्या टेबलावर सोडली. त्या डिक्शनरीत प्रत्येक शब्द कुठून आला, त्याचा आजा कोण, पणजा कोण, हे दिलेलं होतं. काका म्हणतात, "माणसाचं खानदान विचारणं वाईट. शब्दाचं विचारावं. शब्द खरं सांगते न कोणाचा अपमानही होत नाही."

तर खानदान. "नाइस" या शब्दाचा मूळ अर्थ मूर्ख असा होता, हे काकांनी माझ्या साल्याच्या लग्नात नवरीला सांगितलं, कारण तिनं साडीला "नाइस" म्हटलं होतं. पण असे शब्द किरकोळ. काकांचा जीव एकाच शब्दावर. कॅमोफ्लाज.

हे खानदान गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. पॅरिसमधले चोर-उचक्के वेष बदलण्याला "कामुफ्ले" म्हणत. ते बहुधा आलं इटलीहून, तिथे "कामुफारे" म्हणजे सोंग घेणं. पण फ्रेंचांचा आणखी एक शब्द होता, "कामुफ्ले"सारखाच, आणि इथे काकांचे डोळे लकाकतात. झोपलेल्या माणसाच्या नाकापाशी जाऊन कागदाच्या पुंगळीतून धूर सोडायचा, त्या वात्रटपणाला तो शब्द. चोरांच्या शब्दाला या धुराचा वास लागला असावा, असं पंडित म्हणतात. मग पहिलं महायुद्ध आलं. फ्रेंच फौजेनं चित्रकार बोलावले, त्यांनी तोफा रंगवल्या, आतून पोकळ अशी खोटी झाडं उभी केली. इंग्रजांनी ते पाहिलं आणि युक्तीबरोबर शब्दही उचलून नेला.

"मराठीत काय म्हणतात, काका?" असं मी एकदा विचारलं होतं.

"सरकारी शब्द आहे, छद्मावरण. ऐकलं की मले पोटदुखीचं औषध वाटते." मग ते गंभीर झाले. "अरे विनोद, लपणं वेगळं न कॅमोफ्लाज वेगळं. लपणारा कुठंतरी मागं जाऊन बसते. कॅमोफ्लाजवाला तुझ्या समोर बसला असते. तू त्याच्याकडं पाहून राहिला असते. न तुले दिसत नाही."

गल्लीचं मत असं, की काका विद्वान आहेत आणि विद्वान माणसं तंद्रीत असतात. म्हणून "काका, नाश्ता झाला?" याला "रोमन लोकांपासून" असं उत्तर आलं तरी कोणी मनावर घेत नसे. फोनवर ते "हव, हव, ठेवतो" म्हणून समोरचा काही बोलायच्या आत फोन ठेवत. बंगलोरच्या मुलालाही तसंच. लोक म्हणत, रेल्वेची सवय, कमी बोलून लाइन मोकळी ठेवायची. पण फाटकात ते कोणाला बोलूच देत नसत. माणूस दिसला रे दिसला, की पहिला गोळा काकांचा. समोरच्याला फक्त मान हलवायची असे.

आणि शशिकाकू? त्या तर बोलतच नसत. काकांच्या मागे, दाराच्या चौकटीत, ओला हात पदराला पुसत उभ्या. काहीतरी हळूच म्हणत आणि आत जात. एवढं बोलणाऱ्या माणसाच्या घरात दुसऱ्यासाठी शब्द उरत नसावेत, असं माझी बायको म्हणायची.

मागच्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळानं काकांचं व्याख्यान ठेवलं. विषय अर्थातच तो. मंडळात माणसं येतात ती बटाटेवड्यासाठी, पण काका कोट घालून आले. काकू पहिल्या रांगेत बरोबर मधल्या खुर्चीवर बसल्या. सेक्रेटरींनी त्यांना बायकांच्या बाजूला बसायचा आग्रह केला, तरी उठल्या नाहीत. मी बाजूला, भिंतीला टेकून उभा होतो.

काका छान बोलले. धुराच्या पुंगळीवर लोक मनापासून हसले. मग प्रश्न सुरू झाले. मागून एका बाईंनी विचारलं, "सरडा रंग बदलते, ते पण कॅमोफ्लाज का?" काकांनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी पहिल्या रांगेत पाहिलं. काकूंनी पदर नीट केल्यासारखं केलं आणि त्यांचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. सरडा. आणि हाताची दोन बोटं मांडीवरून सरपटत गेली.

"सरडा!" काका म्हणाले. "चांगला प्रश्न विचारला ताई तुमी."

पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच. प्रश्न मागून यायचा, काकूंच्या ओठांवर उमटायचा, मग काका उत्तर द्यायचे. हॉलमधल्या सगळ्यांचं तोंड काकांकडे होतं. मी आडव्या बाजूला होतो म्हणून मला दिसलं.

आणि लाइट गेली.

अंधार गुडुप. पंखे थांबले, माइक मेला. कोणी म्हणालं, "थांबा जरा काका." सेक्रेटरी म्हणाले, "काका, माइक बंद आहे, दोन मिनिटं थांबू." काका बोलतच होते. माइकशिवाय, त्याच सुरात, खोट्या झाडात बसलेल्या फ्रेंच सैनिकाबद्दल. "काका, बस झालं न बाप्पा!" मागून हशा झाला. कोणी शिट्टी मारली. सेक्रेटरी त्यांच्या अगदी कानाशी जाऊन ओरडले, "रामटेके साहेब!" काका सैनिकाला झाडातून बाहेर काढायला तयार नव्हते.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका शब्दाच्या मध्येच थांबले.

लाइट आली तेव्हा काकू स्टेजवर त्यांच्या बाजूला होत्या आणि काकांचं मनगट त्यांच्या हातात होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काका रंगात आले होते," असं म्हणत सगळे वड्यांकडे वळले. काका हसत होते, पण त्यांची नजर एकेका चेहऱ्यावर फिरत होती. काय झालं ते त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू भिंतीपाशी आल्या. हातात वाटी, वाटीत भाजलेल्या जवसाची चटणी.

"विनोदभाऊ, काल तुमी माझ्याकडं पाहून राहिले होते."

मी वाटी घेतली.

"समजलं न तुमाले?"

"काकांना ऐकू येत नाही?"

"डावा कान तर गेलाच. उजव्यात नावापुरतं आहे. तोंडासमोर बोललं तर ओठावरून चालवून घेतात. म्हणून तर इतकं बोलतात ते. आपणच बोललं, की समोरचा काही विचारत नाही न." त्या आवाज चढवत नव्हत्या, आणि आता मला कळत होतं की चढवायची गरजही नव्हती. काका मागे दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. "मी प्रश्न परत सांगते, तर त्यायले वाटते, मी तंद्रीतून जागं करते. पण मले माहीत आहे, हे त्यायले समजू देऊ नका. साऱ्या लाइनीचं ऐकणारा माणूस होता तो. बायकोले माहीत झालं म्हटलं तर जेवण जाणार नाही त्यायले."

मी शब्द दिला. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर काका फाटकात उभे. मी वाट पाहत होतो, आज कोणाचं खानदान निघतंय. पण त्यांनी मला स्कूटर बंद करू दिली आणि माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं, "काल अंधारात माइक चालू होता का?"

"नाही, काका."

"लोक हसले?"

"थोडे."

काकांनी फाटकाची कडी लावली, काढली, पुन्हा लावली. "कानाचा चांगला डॉक्टर कोणता आहे रे? न शशीले नको सांगू. तिले वाटते, मी तंद्रीत असतो, म्हणून प्रश्न परत सांगते. तिचं तसंच राहू दे."

अशा रीतीनं एका भिंतीच्या दोन्ही बाजूंनी मला एकच गुपित सांगितलं गेलं, आणि दोघांनी एकमेकांपासून लपवायला सांगितलं.

समता कॉलोनीत कानाचा एक दवाखाना आहे. घरी सांगितलं, की काकांना अभनपुरला एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला नेतो. काका कारमध्ये बसल्या बसल्या म्हणाले, "याले अॅलिबाय म्हणतात. लॅटिन. अर्थ काय, तर 'दुसरीकडे'. आपण आहो समता कॉलोनीत, न आहो दुसरीकडे." ते लग्नाला निघाल्यासारखे खूष होते. कॉलोनी जवळ आली तसे गप्प होत गेले.

तपासणीला बराच वेळ लागला. काचेच्या खोलीत बसवून त्यांना आवाज ऐकवले आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. मी बाहेरून पाहत होतो. काका सगळं अंग कानाकडे घेऊन बसले होते. हात बटणावर, आणि किती तरी वेळ तो हात हलतच नव्हता.

ऐकायचं मशीन मात्र इतकं लहान निघालं, की कानाच्या आत गेल्यावर शोधून दिसेना. काकांनी तेच निवडलं. तिथल्या बाईंनी ते सुरू केलं आणि काका खुर्चीत ताठ झाले.

"हा पंखा किती ओरडून राहिला!"

मग रस्त्यावर आले आणि दोन पावलांवर थांबले. पुन्हा चालले, पुन्हा थांबले. खाली पाहून म्हणाले, "ही माझीच चप्पल आहे का?" कारमध्ये त्यांनी खिशातला दवाखान्याचा कागद काढून चुरगाळला, उलगडला, परत चुरगाळला आणि त्याचा आवाज ऐकत बसले. त्या दिवशी एकाही शब्दाचं खानदान निघालं नाही. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "आज संध्याकाळी शशीले चकित करतो."

मी वाट पाहिली. त्या संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही. उलट काका पहिल्यापेक्षा बिघडले. भाजीवाली दारात येऊन म्हणाली, "कका, भाजी लेबे का?" तर काका आकाशाकडे पाहून म्हणाले, "हव, बारिश तो होगी." गॅसवाल्यानं पावतीवर सही मागितली, त्याला त्यांनी ग्रीस देशाबद्दल सांगितलं. मला वाटलं, मशीन बिघडलं. नाहीतर काढून डबीत ठेवलं असणार, म्हातारी माणसं ठेवतात तसं. मला जरा रागच आला. शेवटी एका रविवारी मी त्यांना माझ्या पोर्चमध्ये गाठलं.

"काका, मशीन चालत नाही का?"

"हळू बोल. सगळं ऐकू येते. परवा तुझी बायको तुले घोरण्याबद्दल काय म्हणाली, तेही ऐकलं. चुकीचं नाही बोलली ती."

"मग काहून असं करून राहिले? काकूंना सांगितलं नाही?"

काका माझ्या स्कूटरवर बसले. माझ्याकडे न पाहता बोलू लागले. आता त्यांना ओठ पाहायची गरज नव्हती.

"सांगणारच होतो रे. घरी आलो. व्हरांड्यात बसलो, दाराकडं पाठ करून. म्हटलं, ती काही बोलली का पटकन वळून जवाब देतो. ती आतून आली न माझ्या मागं मेथी निवडाले बसली. न म्हणाली..." काका थांबले. "म्हणाली, प्रल्हाद, आज दमला का रे?"

काकांनी स्कूटरचा आरसा उगाच इकडे-तिकडे वळवला.

"लग्न झालं तवापासून तिनं माझं नाव घेतलं नाही, विनोद. तिच्या मायनं सांगून पाठवलं होतं. 'अहो', 'ऐकलं का', बस. मी कितीदा म्हटलं, घे न नाव, मी काही वितळत नाही. नाही घेतलं. न आता माझ्या पाठीमागं बसून प्रल्हाद म्हणते. अरे म्हणते. तिले वाटते मले ऐकू येत नाही."

"रोज?"

"रोज. संध्याकाळभर बोलते. गुडघा दुखते म्हणते, मले कधी सांगितलं नाही. मागं एकदा मी आजारी पडून दवाखान्यात होतो तवा ती बाथरूममध्ये जाऊन रडली, तेही आता माहीत झालं. बंगलोरच्या पोट्ट्याची आठवण येते म्हणते. त्याचं फोनवर मले ऐकू येत नव्हतं, हे माहीत आहे तिले. मी ठेवला की मागच्या अंगणात जाऊन तीच पुन्हा लावते त्याले. साऱ्या गल्लीच्या नकला करते, बाप्पा! तुझी पण करते. न मधातच म्हणते, प्रल्हाद, तू किती बडबड करतो रे, माझं डोकं उठते." काका हसले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला. "मले वाटे, ती कमी बोलते."

"पण काका, हे बरोबर नाही. त्यांना कळलं, की तुम्ही सगळं ऐकत होता, तर?"

"समजते मले. सांगणार आहे. रोज सकाळी ठरवतो, आज सांगतो. मग संध्याकाळी मागून हाक येते. सांगितलं तर ती परत 'अहो'वर जाईल न. मग उद्यावर टाकतो." त्यांनी चष्मा पुसून घातला. "तू नको सांगू तिले."

हे तिसरं गुपित. मी हो म्हटलं. बायकोलाही सांगितलं नाही, कारण आमच्या घरातलं बोलणं भिंतीपलीकडे कुठवर जातं, ते आता मला माहीत होतं.

उन्हाळा लागला. काका फाटकात उभे राहून तसेच शब्दांचे आजे-पणजे सांगतात, लोक तशीच मान हलवतात, आणि गल्ली त्यांना तशीच तंद्रीत समजते. एक फरक झाला. काकूंच्या गुडघ्याला पट्टा आला, तेलाची बाटली आली. बंगलोरच्या मुलाला काकांनी स्वतः फोन करून बोलावून घेतलं, तो आठवडाभर राहून गेला. "यायले कसं सुचलं कोण जाणे," असं काकू मला भिंतीवरून म्हणाल्या. माझ्या तोंडावर काही येऊ नये, म्हणून मी नळ सुरू केला.

परवा संध्याकाळी मी त्यांची वाटी परत करायला गेलो. कूलर लावलेला नव्हता, घरात शांतता होती. मी फाटकाच्या आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबलो. काका व्हरांड्यात, मांडीवर डिक्शनरी, दाराकडे पाठ. मधुमालतीच्या वेलाआड मी त्यांना दिसत नव्हतो.

आतून काकूंचा आवाज आला. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. हलका, थोडा खोडकर, शाळेतल्या मुलीसारखा.

"प्रल्हाद, चहा ठेवू का रे?"

पान उलटता उलटता काकांचा हात थांबला. ते वळले नाहीत.

"प्रल्हाद..." आता आवाज जवळ आला होता. काकू दारात उभ्या होत्या. काका पुस्तकात डोकं घालून स्वस्थ बसले होते. त्यांचे कान लाल झालेले मला इतक्या लांबूनही दिसत होते.

काकूंनी एक क्षण त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग पुढे येऊन खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, चहा घेता का?"

काका दचकले. इतके छान दचकले, की घटकाभर मलाही ते खरं वाटलं.